वर्गाच्या भिंतीवरचा कागद: कॅलिफोर्नियात शाळांनी कुणाला, कधी आणि कसला हिशेब द्यायचा?

कॅलिफोर्नियातल्या सरकारी शाळेत पालकसभेला गेलात, तर वर्गाच्या भिंतीवर एक कागद शोधा. त्यावर तीन गोष्टी लिहिलेल्या असतात. प्रत्येक मुलाकडे वर्गात वापरायला आणि घरी न्यायला पाठ्यपुस्तक असलं पाहिजे. इमारत स्वच्छ, सुरक्षित आणि दुरुस्त असली पाहिजे. वर्गाला शिक्षक असलाच पाहिजे, आणि तो तो विषय शिकवायला पात्र असला पाहिजे. यातलं काही कमी असेल तर तक्रारीचा फॉर्म कुठे मिळेल, ते खाली दिलेलं असतं.

मुलगी शाळेत जायला लागून तीन वर्षं झाल्यावर मी तो कागद पहिल्यांदा नीट वाचला. तोवर मला वाटायचं, शाळेने सौजन्य म्हणून लावला असेल. नंतर कळलं की राज्याच्या शिक्षणसंहितेनुसार तो प्रत्येक वर्गात लावावाच लागतो. त्याच्यामागे चार वर्षं चाललेला एक खटला आहे, आणि त्या कागदावरून आलेल्या तक्रारींचा गोषवारा दर तीन महिन्यांनी वर पाठवावा लागतो. तेव्हापासून मी शाळेकडून येणारे कंटाळवाणे ईमेल वाचायला लागलो. अंदाजपत्रकाचा अंतरिम अहवाल, शाळेचं रिपोर्ट कार्ड, हजेरीचा अहवाल, एल-कॅप नावाच्या खर्चाच्या आराखड्याची सुनावणी. इथे राहणाऱ्या आपल्या मराठी लोकांतले बरेच पालक मुलांच्या मार्कांची बारीक नोंद ठेवतात, पण शाळेने स्वतःबद्दल दिलेला हिशेब उघडूनही बघत नाहीत. तो कसा वाचायचा, हे सांगण्यासाठी हा लेख.

आधी एक शब्द सरळ करून घेऊ. ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ म्हणजे आपल्या अर्थाने जिल्हा नव्हे. पुणे जिल्हा किंवा सातारा जिल्हा म्हटलं की डोळ्यांसमोर कलेक्टर कचेरी येते. इथे जिल्ह्याच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे काउंटी, आणि कॅलिफोर्नियात त्या ५८ आहेत. स्कूल डिस्ट्रिक्ट ही फक्त शाळा चालवणारी वेगळी स्थानिक संस्था असते. तिचं मंडळ लोकांनी निवडून दिलेलं असतं, अंदाजपत्रक स्वतःचं असतं, आणि मंडळाने नेमलेला एक सुपरिंटेंडंट कारभार बघतो. राज्यात असे नऊशेहून अधिक डिस्ट्रिक्ट आहेत. लॉस एंजेलिसच्या डिस्ट्रिक्टमध्ये काही लाख मुलं शिकतात, तर डोंगराळ भागात एकाच शाळेचा डिस्ट्रिक्टही सापडतो. सगळ्यांना कायदा बहुतांशी एकच.

डिस्ट्रिक्ट इतके स्वतंत्र असतील तर राज्य त्यांच्याकडे हिशेब का मागतं? कारण पैसा. पूर्वी शाळांचा मोठा खर्च स्थानिक घरपट्टीतून चालायचा. १९७८ साली मतदारांनी ‘प्रॉपोझिशन १३’ मंजूर केलं आणि मालमत्ता कराला साधारण एक टक्क्याची मर्यादा घातली. शाळांच्या पैशाचा मोठा भार तेव्हापासून राजधानी सॅक्रामेंटोकडे गेला. दहा वर्षांनी, १९८८ मध्ये, ‘प्रॉपोझिशन ९८’ आलं. त्याने शाळांना राज्याच्या तिजोरीतून किमान निधीची हमी दिली आणि त्याच मतपत्रिकेवर एक अटही घातली: प्रत्येक शाळेने दरवर्षी स्वतःचं प्रगतिपुस्तक प्रसिद्ध करायचं. त्याला स्कूल अकाउंटेबिलिटी रिपोर्ट कार्ड, बोलताना ‘सार्क’ म्हणतात. दरवर्षी १ फेब्रुवारीपर्यंत ते जाहीर व्हावं लागतं. पैसे देताना हिशेबाची अट घालायची, हे सूत्र इथून पुढच्या जवळजवळ प्रत्येक कायद्यात दिसतं.

असा कोणताही कायदा वाचताना मी चार प्रश्न विचारतो. काय सांगायचं, कुणाला सांगायचं, कधीपर्यंत, आणि सांगितलं नाही किंवा सांगितलेलं वाईट निघालं तर पुढे काय? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं बहुतेक कायद्यांत असतात. चौथ्याचं उत्तर ज्या कायद्यात आहे, तोच शाळेत खरोखर काही बदलू शकतो.

एप्रिलमध्येच शाळा बंद

चौथ्या प्रश्नाचं सगळ्यात कडक उत्तर सॅन फ्रान्सिस्कोच्या पूर्वेला, खाडीपलीकडच्या रिचमंडमध्ये घडलेल्या प्रसंगातून आलं. १९९१ च्या वसंतात तिथल्या डिस्ट्रिक्टने जाहीर केलं की पैसे संपले आहेत आणि शाळा ३० एप्रिललाच बंद होतील. वर्ष संपायला सहा आठवडे बाकी होते आणि एकतीस हजारांहून अधिक मुलं त्या शाळांत होती. पालक कोर्टात गेले. कोर्टाने राज्याला बजावलं की या मुलांचं वर्ष पूर्ण होईल हे तुम्ही बघा. राज्याने कर्ज दिलं आणि शाळा चालू राहिल्या. पुढे १९९२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व कायम केलं: डिस्ट्रिक्टने पैशाची वाट लावली म्हणून तिथल्या मुलांना राज्यातल्या इतर मुलांपेक्षा कमी शिक्षण देता येणार नाही, आणि शेवटची जबाबदारी राज्याची आहे.

शेवटची जबाबदारी आपली असेल तर धोका आपल्याला आधी कळला पाहिजे, हे राज्याच्या लक्षात आलं. त्यातून, न्यायालयाच्या निकालाआधीच, १९९१ मध्ये ‘असेंब्ली बिल १२००’ हा कायदा झाला. आजही शाळांच्या हिशेबखात्यात लोक ‘एबी बाराशे’ असं नुसत्या आकड्यानेच बोलतात.

त्याची रचना समजायला सोपी आहे. डिस्ट्रिक्टचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं, म्हणून अंदाजपत्रक त्याआधी मंजूर करावं लागतं. ते काउंटीच्या शिक्षण कार्यालयाकडे जातं आणि काउंटी ते मंजूर करते किंवा परत पाठवते. मग वर्षात दोनदा अंतरिम अहवाल द्यायचा. पहिला ३१ ऑक्टोबरपर्यंतच्या स्थितीचा, जो डिसेंबरच्या मध्यापर्यंत येतो. दुसरा ३१ जानेवारीपर्यंतचा, तो मार्चच्या मध्याला. दोन्ही अहवालांत मंडळाला फक्त आकडे देऊन सुटता येत नाही, तीनपैकी एक शेरा स्वतःच्या सहीने द्यावा लागतो. ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे या वर्षीची आणि पुढच्या दोन वर्षांची देणी आम्ही भागवू शकू. ‘क्वालिफाइड’ म्हणजे कदाचित भागवू शकणार नाही. ‘निगेटिव्ह’ म्हणजे या वर्षीची उरलेली किंवा पुढच्या वर्षीची देणी भागणारच नाहीत.

पुढची दोन वर्षं बघायला लावणं ही या कायद्यातली सर्वात शहाणपणाची गोष्ट आहे, असं माझं मत आहे. आजची शिल्लक चांगली दाखवणं अवघड नसतं. पण पटसंख्या घटत असेल, पेन्शनचा वाटा वाढत असेल, पगारवाढीचा करार नुकताच झाला असेल, तर त्याची सावली तिसऱ्या वर्षाच्या रकान्यात पडते. करारावर मंडळाने शिक्कामोर्तब करण्याआधी त्याचा खर्चही जाहीर करावा लागतो, म्हणजे वाढ देताना ती परवडते का, हे लोकांना आधी दिसतं.

शेरा वाईट असेल तर पुढच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. दुसऱ्या अहवालातही तो क्वालिफाइड किंवा निगेटिव्ह आला, तर जूनच्या सुरुवातीला तिसरा अहवाल द्यावा लागतो. काउंटी आर्थिक सल्लागार नेमू शकते, मंडळाचे निर्णय थांबवू शकते. याच कायद्याने ‘फिकमॅट’ नावाचं आर्थिक तपासणी आणि मदत करणारं पथक उभं केलं. तरीही पैसे संपले आणि राज्याचं मोठं कर्ज घ्यावं लागलं, तर निवडून आलेल्या मंडळाचे अधिकारच जातात. ओकलंडमध्ये २००३ साली हेच झालं. १० कोटी डॉलरचं कर्ज मंजूर झालं, राज्याने प्रशासक बसवला, आणि कर्ज फेडायला दोन दशकांहून अधिक काळ लागला. कायदा होऊनही ओकलंड घडलं, हे खरं आहे. अहवाल येतो, शेरा येतो, पण तो वाचून खर्च कमी करण्याचा कठोर निर्णय शेवटी माणसांनाच घ्यावा लागतो, आणि शाळा बंद करण्याचा प्रस्ताव आला की सभागृह संतापलेल्या पालकांनी भरतं. त्यांचा संतापही खोटा नसतो.

हजेरी, आणि डिसेंबरातली भारतवारी

आता जो अहवाल थेट आपल्या घरापर्यंत पोहोचतो, त्याच्याकडे येऊ.

कॅलिफोर्निया शाळेला पैसे देताना पटावर किती मुलं आहेत, एवढंच बघत नाही. रोज सरासरी किती मुलं वर्गात बसली ते बघते. शाळेचे किमान १८० दिवस धरले आणि एखादं मूल २० दिवस आलं नाही, तर हिशेबात ते पूर्ण एक मूल राहत नाही, साधारण ०.८९ होतं. शाळांना ही सरासरी राज्याला ठरलेल्या टप्प्यांवर कळवावी लागते. त्यातला महत्त्वाचा टप्पा एप्रिलच्या मध्यापर्यंतच्या हजेरीचा, त्याला ‘पी-टू’ म्हणतात. आजारपणाची रजा शाळेने मान्य केली तरी या हिशेबात ती गैरहजेरीच. १९९८ पूर्वी तसं नव्हतं, नंतर नियम बदलला.

इथल्या आपल्या लोकांतली कितीतरी कुटुंबं डिसेंबरात भारतात जातात. तिकिटं महाग, प्रवास लांब, आजी-आजोबा वाट बघत असतात, एखादं लग्न जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात असतं. दोन आठवड्यांच्या सुट्टीला आणखी तीन आठवडे जोडले जातात. शाळा याला इतकी का वैतागते, हे मला पूर्वी समजायचं नाही. मूल हुशार आहे, परत आल्यावर भरून काढेल, असंच वाटायचं. पण तीन आठवडे म्हणजे शाळेचे १५ दिवस. त्यात वर्षभरातले ताप-सर्दीचे तीन दिवस मिळवले की १८ झाले, म्हणजे १८० च्या बरोबर दहा टक्के. दहा टक्के किंवा त्याहून जास्त दिवस न आलेलं मूल राज्याच्या नोंदीत ‘दीर्घकाळ गैरहजर’ ठरतं, कारण काहीही असो. आठवीपर्यंतच्या शाळांच्या जाहीर मूल्यमापनात या मुलांचं प्रमाण हा एक स्वतंत्र निकष आहे. कोविडनंतर, २०२१-२२ मध्ये, राज्यातलं हे प्रमाण ३० टक्क्यांवर गेलं होतं. त्यामुळे शाळा आता याबाबतीत फार सावध असतात.

यावर सरळ मार्ग आहे. निघण्याच्या पुरेसं आधी शाळेच्या ऑफिसात जाऊन ‘इंडिपेंडंट स्टडी’चा लेखी करार मागायचा. शिक्षक काम देतात, मूल ते पूर्ण करून आणतं आणि ते दिवस हजेरीत धरले जाऊ शकतात. करार निघण्याआधीच करून घ्यावा, परत येईपर्यंत थांबू नये.

पॅलो आल्टोसारख्या काही श्रीमंत डिस्ट्रिक्टना स्थानिक मालमत्ता करातूनच राज्याच्या सूत्रापेक्षा जास्त पैसे मिळतात. त्यांचं उत्पन्न हजेरीवर हलत नाही, पण गैरहजेरीची नोंद त्यांनाही चुकत नाही.

भिंतीवरच्या कागदामागचा खटला

१७ मे २००० रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या कोर्टात काही विद्यार्थ्यांच्या वतीने राज्याविरुद्ध दावा दाखल झाला. ‘विल्यम्स विरुद्ध कॅलिफोर्निया राज्य’. तक्रारी ऐकून महाराष्ट्रातल्या पडझड झालेल्या शाळांच्या बातम्या आठवतात: पुस्तकं सगळ्यांना पुरत नाहीत, त्यामुळे ती घरी नेता येत नाहीत, स्वच्छतागृहं बंद किंवा तुंबलेली, वर्गात उंदीर, वर्षभर कायम शिक्षकच नाही. जगातल्या सर्वात श्रीमंत प्रदेशांपैकी एकात हे चाललं होतं, आणि तेही प्रामुख्याने गरीब वस्त्यांच्या शाळांत. २००४ मध्ये राज्याने तडजोड केली. पुस्तकांसाठी १३ कोटी ८० लाख डॉलरच्या पुढे आणि तातडीच्या दुरुस्त्यांसाठी ८० कोटी डॉलर, शिवाय नवे कायदे.

त्या कायद्यांनी अहवाल मागण्याची पद्धतच उलटी केली. तोवर माहिती खालून वर जायची, डिस्ट्रिक्टला जी सोयीची वाटेल ती. आता सांगण्याचा हक्क वर्गातल्या मुलाला आणि पालकाला मिळाला. तक्रार निनावी करता येते. प्रश्न ३० कामकाजाच्या दिवसांत सोडवावा लागतो, आणि नाव दिलेल्या तक्रारदाराने उत्तर मागितलं असेल तर ते ४५ कामकाजाच्या दिवसांत द्यावं लागतं. तिमाही गोषवारा मंडळापुढे जाहीर सभेत आणि काउंटीकडे जातो. शिवाय शाळा सुरू झाल्यापासून आठव्या आठवड्याच्या अखेरीपर्यंत मंडळाला सुनावणी घेऊन ठराव करावा लागतो, की पुस्तकं सगळ्या मुलांना पुरली आहेत की नाहीत. कमी निकालाच्या शाळांत काउंटीची माणसं स्वतः जाऊन पुस्तकं मोजतात.

बऱ्याच डिस्ट्रिक्टच्या तिमाही अहवालात तक्रारींसमोर शून्य असतं. शून्य म्हणजे सगळं ठीक असेल, किंवा कागद कुणी वाचलाच नसेल. दोन्ही शक्यता ध्यानात ठेवून तो आकडा बघावा.

शंभर पानांचं वचन

२०१३ साली गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी शाळांच्या निधीचं सूत्र पूर्ण बदललं. पूर्वी राज्य डझनावारी वेगवेगळ्या योजनांचे पैसे वेगवेगळ्या अटींसह द्यायचं, आपल्याकडच्या अनुदानांच्या लेखाशीर्षांसारखे. नव्या सूत्रात प्रत्येक मुलामागे एक मूळ रक्कम आणि तीन गटांतल्या मुलांसाठी २० टक्के जादा: गरीब घरातली मुलं, इंग्रजी शिकत असलेली मुलं आणि सरकारी देखरेखीखाली दुसऱ्या कुटुंबात (‘फॉस्टर केअर’मध्ये) राहणारी मुलं. अशी मुलं ५५ टक्क्यांहून अधिक असतील तर त्याहून आणखी पैसे. ते कसे खर्च करायचे, हे डिस्ट्रिक्टने ठरवायचं.

मोकळीक दिली म्हणून हिशेब मागितला, तो म्हणजे एल-कॅप. तीन वर्षांचा आराखडा, दरवर्षी सुधारलेला, १ जुलैपर्यंत मंजूर. आधी जाहीर सुनावणी, आणि मंजुरी त्यानंतरच्या वेगळ्या सभेत. पालकांची सल्लागार समिती असते आणि तिच्या सूचनांना सुपरिंटेंडंटने लेखी उत्तर द्यावं लागतं.

कल्पना मला मनापासून आवडते, पण तो दस्तऐवज वाचणं हे काम आहे. अनेक डिस्ट्रिक्टचा एल-कॅप शंभर पानांच्या पुढे जातो. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये राज्याच्या लेखापरीक्षकांनी तीन मोठ्या डिस्ट्रिक्टचे आराखडे तपासले आणि स्पष्ट म्हटलं की जादा पैसा ज्या मुलांच्या नावाने येतो त्यांच्यापर्यंत पोहोचतो की नाही, हे या कागदांतून कळत नाही. एक मोठी फटही दाखवली: त्या वर्षी न खर्चलेला जादा निधी पुढच्या वर्षी साध्या निधीत मिसळून जायचा आणि कशासाठीही वापरता यायचा. २०२१ मध्ये कायदा बदलून न खर्चलेली रक्कम वेगळी दाखवणं सक्तीचं झालं. एवढी पानं भरून घेऊनही नेमका प्रश्न विचारायचा राहून गेला होता.

लांबीवर उपाय म्हणून २०१८ च्या कायद्याने पालकांसाठी अंदाजपत्रकाचा छोटा सारांश जोडणं सक्तीचं केलं. वेळ कमी असेल तर फक्त तेवढाच वाचा. गरजू मुलांसाठी किती रक्कम ठरवली होती आणि प्रत्यक्षात किती खर्च झाली, हे त्यात शेजारी शेजारी दिलेलं असतं.

रंग, तारे आणि ‘एशियन’

हे सगळे आकडे शेवटी राज्याच्या एका मोठ्या प्रणालीत जातात, ‘कॅलपॅड्स’. महाराष्ट्रात मुख्याध्यापक यू-डायस प्लसवर माहिती भरतात, तसंच काहीसं. ऑक्टोबरचा पहिला बुधवार हा पटनोंदणीचा दिवस. प्रत्येक मुलाला दहा अंकी क्रमांक असतो. त्यातून राज्य ‘स्कूल डॅशबोर्ड’ तयार करतं, ज्यात २०१७ पासून लाल, केशरी, पिवळा, हिरवा आणि निळा असे पाच रंग आहेत. रंग फक्त या वर्षीच्या निकालावर ठरत नाही. गेल्या वर्षीपेक्षा वर गेलात की खाली, हेही त्यात मिसळलेलं असतं. म्हणून उत्तम निकालाची पण घसरलेली शाळा आणि मध्यम निकालाची पण चढणारी शाळा एकाच रंगात दिसू शकतात. घर घेताना रंग बघून शाळा ठरवणाऱ्यांनी आत जाऊन दोन्ही आकडे बघावेत.

आकड्याच्या जागी कधी नुसता तारा दिसतो. गटात ११ पेक्षा कमी मुलं असतील तर आकडा लपवतात, कारण नाहीतर ते मूल कोणतं हे ओळखता येईल. ही लपवाछपवी नाही, मुलांचं संरक्षण आहे.

मला जास्त खटकतं ते दुसरंच. डिस्ट्रिक्ट आशियाई मुलांची नोंद भारतीय, चिनी, मोंग, कंबोडियन अशी वेगळी घेतात, पण डॅशबोर्डवर हे बहुतेक सगळे ‘एशियन’ या एकाच गटात येतात. आयटीतल्या पालकांच्या मुलांचे चढे मार्क आणि निर्वासित कुटुंबातून आलेल्या मोंग मुलांची अडचण एकाच सरासरीत विरघळते. ज्या मुलाला मदत हवी ते आपल्या मुलांच्या आकड्यामागे दिसेनासं होतं, हे आपण मंडळापुढे बोललं पाहिजे.

प्रवेशाच्या वेळी भरायचा घरच्या भाषेचा फॉर्मही याच साखळीतला. तिथे ‘मराठी’ लिहिलं की मुलाला इंग्रजीची प्राथमिक चाचणी द्यावी लागते, म्हणून काही पालक इंग्रजी लिहून मोकळे होतात. मी मराठी लिहिलं. चाचणी झाली, मुलगी पास झाली, पुढे काही अडलं नाही. राज्याची घरच्या भाषांची मोजणी याच फॉर्मवरून होते.

सुरुवात कुठून करायची, असं कुणी विचारलं तर मी डिसेंबरातला पहिला अंतरिम अहवाल सांगेन. मंडळाच्या सभेची विषयपत्रिका ७२ तास आधी लावावी लागते, ती ऑनलाइन मिळते. त्यात अहवाल शोधायचा, शेरा बघायचा, मग तिसऱ्या वर्षाची शिल्लक. प्रश्न पडला तर सभेत नाव देऊन बोलता येतं, बहुतेक ठिकाणी दोन-तीन मिनिटं मिळतात. एल-कॅपची सुनावणी मात्र साधारण जूनमध्ये असते, शाळा सुटून आपली विमानं मुंबईकडे निघतात तेव्हा. त्यामुळे आपल्याला जे म्हणायचंय ते मे संपायच्या आत लिहून पालक समितीकडे द्यावं. समितीने ते पुढे नेलं, तर त्याचं लेखी उत्तर सुपरिंटेंडंटला द्यावंच लागतं.